आग्नेयेची छत्री

पत्र्याच्या घरावर डिशची छत्री बसवायला फिटर चढतो, तेव्हा हातात पाना, खिशात सिग्नल मीटर आणि डोक्यात एकच दिशा असते: आग्नेय. महाराष्ट्रातून बघितलं, तर ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-१५ उपग्रह त्याच कोपऱ्यात, क्षितिजापासून साठेक अंश वर असतो. दोन फुटांची छत्री बोटभर सरकली तरी चित्र जातं. मीटर कुईकुई करू लागला की फिटर नट आवळतो. खालून कुणीतरी ओरडतं, ‘आलं, आलं, सह्याद्री आलं!’ तिथेच त्या घराचा टीव्हीसोबतचा पैशाचा व्यवहार संपतो. रिचार्ज संपल्याचा मेसेज या घरात कधी येत नाही.

ही डीडी फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं, ३३ वाहिन्या घेऊन ती सुरू झाली. केबलवाल्याची तार जिथे पोचत नव्हती, अशा वाड्या-पाड्यांसाठी ती होती. आज तिची घरं चार कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं जातं. जे घर महिन्याला पैसे देत नाही ते साबण, चहा आणि मोबाइल मात्र विकत घेतं, हे जाहिरातदारांना कळलं आणि फ्री डिशवरच्या जागांचा ई-लिलाव कोटींच्या बोलीत होऊ लागला. ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या वाहिन्यांना याच छत्रीनं गावोगावचा प्रेक्षक दिला. शिवाय २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनलाही द्यावं लागतं, त्यामुळे भारताचा सामना इथे फुकट दिसतो.

आता याच घरात दिवाळीच्या ऑफरमध्ये त्रेचाळीस इंची टीव्ही येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’ लिहिलेलं असतं. जुना सेट टॉप बॉक्स त्याला जोडला की पडदा मोठा होतो आणि चित्र बिघडतं. धावफलकाच्या आकड्यांच्या कडा करवतीसारख्या दिसतात, चेंडू धावताना पांढरा फराटा होतो. दोष टीव्हीचा नाही. बॉक्समधून येणारं साधं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. बरोबर वीसपट. विसातला एक ठिपका आकाशातून येतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजानं भरतो.

मग दूरदर्शन फोर-के चित्रच का पाठवत नाही? याचं उत्तर मुंबईकराला चटकन कळेल, कारण मामला चाळीच्या पुनर्विकासाचा आहे.

उपग्रहावरचा प्रत्येक ट्रान्सपाँडर ही एक चाळ समजा. फ्री डिशवर बऱ्याच ट्रान्सपाँडरवर चित्र आकुंचित करण्याची जुनी, एमपेग-२ पद्धत चालते. अशा एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण चार कोटी बिट खाली येतात. त्यात साध्या चित्राच्या चौदा-पंधरा वाहिन्या, दहा बाय दहाच्या खोल्यांसारख्या, दाटीवाटीनं राहतात. फोर-के क्रिकेटला आजच्या चांगल्या आकुंचन पद्धतीनंही दोन ते अडीच कोटी बिट लागतात. म्हणजे एका फ्लॅटसाठी अर्धी चाळ रिकामी करायची आणि त्या सात-आठ खोल्यांच्या लिलावाचे कोट्यवधी रुपये सोडायचे. फुकट सेवेचा खर्च ज्या भाड्यावर निघतो, तेच भाडं.

मजले वाढवता येतात. नव्या प्रक्षेपण पद्धतीत त्याच ट्रान्सपाँडरमधून दीडपट माल पाठवता येतो, आणि मग दोन-तीन फोर-के वाहिन्याही मावतात. पण सिग्नल जितका ठासून भरावा, तितका तो नाजूक होतो. केयू बँडच्या लहरींना पावसाचं वावडं आहे. आषाढात कोकणात चित्राचे चौकोन होऊन ते थिजतं, हा अनुभव नवा नाही. दोन फुटांच्या छत्रीवर किती भार टाकायचा, हा हिशेब रत्नागिरीचा पाऊस धरूनच करावा लागेल.

अवघड प्रश्न भाडेकरूंचा, म्हणजे इथे घराघरातल्या प्रेक्षकांचा आहे. एमपेग-२ च्या जुन्या बॉक्सला त्यानंतरच्या एमपेग-४ पद्धतीचं चित्र वाचता येत नाही, आणि फोर-केसाठी लागणारी एचईव्हीसी ही आकुंचन पद्धत तर आजच्या साध्या एमपेग-४ बॉक्सच्याही आवाक्याबाहेरची. जुनं बंद केलं तर घरं अंधारात जातात. दोन्ही चालू ठेवायचं, तर संक्रमण शिबिराचा खर्च आणि जागा दुप्पट. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,५३९ कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. तीत दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात आठ लाखांहून अधिक बॉक्स मोफत वाटायचं ठरलं. उपक्रम चांगला, पण चार कोटी घरांपुढे हे प्रमाण पन्नासात एक.

इतरांनी हे केलं आहे. जपाननं १ डिसेंबर २०१८ ला उपग्रहावरून फोर-के आणि एट-के वाहिन्या सुरू केल्या. तिथे एका ट्रान्सपाँडरवर तीन फोर-के किंवा एकच एट-के वाहिनी बसवली. पण प्रेक्षकाला नवा ट्यूनर घ्यावा लागला आणि काही वाहिन्यांसाठी छत्रीही बदलावी लागली. इटलीच्या मोफत तिवूसॅट सेवेवर ‘राय फोर-के’ आहे. आपल्याकडे सशुल्क डीटीएचनं २०१५ मध्येच फोर-के बॉक्स बाजारात आणले. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या सोहळ्याचं थेट प्रक्षेपण दूरदर्शननं फोर-के तंत्रानं केलं. कॅमेरे आहेत, माणसं आहेत. अडलं आहे ते शेवटच्या घराशी.

आणि त्या घराला फोर-केची गरज किती? बत्तीस इंची पडद्यापासून चार फुटांपलीकडे बसलं, तर धडधाकट डोळ्यालाही एचडीतला बारकावा पूर्ण टिपता येत नाही. पंचावन्न इंची पडद्याला हे अंतर सात फूट. आपल्या खोल्यांत टीव्ही भिंतीला आणि माणसं समोरच्या भिंतीला टेकलेली असतात. त्यांना साध्या चित्रावरून एचडीवर नेलं, तर फरक आंधळ्यालाही जाणवेल असा असतो. एचडीवरून फोर-केवर नेलं, तर तो सांगावा लागतो.

म्हणून क्रम उघड आहे. आधी सगळ्यांना एमपेग-४ आणि एचडी, मग विश्वचषक आणि प्रजासत्ताक दिनासारख्या प्रसंगांपुरती एक फोर-के वाहिनी. मुहूर्तही लांब नाही. ११ नोव्हेंबर २०१५ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेल्या जीसॅट-१५ चं अपेक्षित आयुष्य बारा वर्षांचं आहे. त्याची जागा घेणाऱ्या उपग्रहाबरोबर जुन्या पद्धतीला निरोप देण्याची तारीख जाहीर करावी आणि बॉक्स वाटप त्या तारखेला बांधून घ्यावं. चाळ पाडण्याआधी भाडेकरूंच्या हाती किल्ल्या हव्यात.

तोवर नवा टीव्ही घेणाऱ्यानं दुकानात एक प्रश्न विचारावा: यात उपग्रहाचा ट्यूनर आतच आहे का? भारतीय मानक ब्यूरोनं अशा टीव्हींसाठी २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानक काढलं आहे. ट्यूनर आत नसेल, तर निदान एमपेग-४ चा एचडी बॉक्स घ्यावा. पत्र्यावरची छत्री मात्र काढू नका. तिला साधं चित्र आणि फोर-के यांतला फरक कळत नाही. बदलायचा आहे तो खाली ठेवलेला बॉक्स.