आधी कौले, मग रंग

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु आजोबांनी बांधलेले, तीन पिढ्यांनी वापरलेले आणि मधली काही वर्षे कुलूप लागलेले घर पुन्हा राहते करण्यास काय लागते, याविषयी ही म्हण मौन पाळते. वस्तुतः हे काम नवे घर बांधण्याहून अवघड आहे. नव्या घरात आपली इच्छा चालते; जुन्या घरात आधी घराचा स्वभाव ओळखावा लागतो. निवृत्तीनंतर मुंबई-पुण्याहून परतणारी किंवा शहरातील भाडे झेपेनासे झाल्याने वडिलोपार्जित घराकडे वळणारी कुटुंबे गावोगाव आढळतात. त्यांच्या हाती पैसा बेताचा असतो आणि मनात रंगाचे, पडद्यांचे, नव्या फरशीचे बेत असतात. या बेतांचा क्रम कोणता असावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

त्यासाठी आम्ही उदाहरण घेतो ते उचगावचे. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, आंबोलीमार्गे बेळगावास जाणारा रस्ता आमच्या किनाऱ्यावरील वाचकांच्या परिचयाचा आहे. याच रस्त्यावर शिनोळी, बाची, तुरमुरी मागे पडली की उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीचे हे गाव. मराठी साहित्य संमेलन भरविणारे गाव म्हणूनही ते सीमाभागात सर्वांना ठाऊक आहे. बेळगाव येथून दहा-बारा किलोमीटर; म्हणजे नोकरी वा शिक्षण शहरात आणि बिऱ्हाड गावच्या घरात, ही सोय येथे सहज साधते. या पट्ट्यातील जुनी घरे मातीच्या वा जांभ्याच्या जाड भिंतींची आणि कौलांच्या उतरत्या छपराची. आपल्या कोकण-गोमंतकातील घरांशी त्यांचे नाते जवळचे आहे, आणि पाऊस हा दोघांचाही परीक्षक आहे.

ही परीक्षा किती कठोर असते, हे अलीकडच्या काळाने दाखवून दिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव शहरात आणि तालुक्यात कित्येक जुन्या घरांच्या भिंती खचल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच तालुक्यातील बडाळ अंकलगी येथे पावसाने भिजलेले घर कोसळून एकाच कुटुंबातील माणसांसह सात जणांचा अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. जुन्या घराची डागडुजी हा हौसेचा विषय आहे असे समजणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. ज्या भिंतीला पोट आले आहे, जिला वरपासून खालपर्यंत भेग गेली आहे, जिचा पाया खचला आहे, तिच्याविषयी हळवेपणा दाखवू नये. जाणकार गवंड्यास वा अभियंत्यास दाखवून ती उतरवून घ्यावी. आजोबांची आठवण भिंतीपेक्षा माणसांत जपलेली बरी.

मात्र माती ही मुळात दुबळी असते म्हणून भिंत पडते, असेही नव्हे. डोक्यावर चांगले छप्पर आणि पायाशी कोरडे जोते असेल, तर मातीची भिंत शंभर वर्षे उभी राहते. ती खचते ती पाणी मुरल्यामुळे. म्हणून पहिला रुपया छपराकडे गेला पाहिजे. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि त्या कौलांनी पश्चिम किनारा व घाटमाथा व्यापला. त्यांचा मोठा गुण असा की, फुटलेले एक कौल काढून तेथे दुसरे बसविता येते. फक्त निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. म्हणून शेजारी एखादे जुने घर उतरवले जात असेल, तर त्याची शाबूत कौले विकत घेऊन ठेवावीत. पत्रा स्वस्त पडतो खरा; पण तो उन्हात तापतो, पावसात कान किटवतो, आणि पत्रा घालताना वळचण आखूड झाली तर भिंत भिजण्यास आरंभ होतो. जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब चढविणे तर संकटास आमंत्रणच होय.

दुसरी चूक भिंतींच्या बाबतीत घडते. पोपडे निघालेली भिंत पाहून कोणालाही वाटते की, सिमेंटचा गिलावा केला की काम पक्के झाले. वर्ष-दोन वर्षे ती भिंत देखणी दिसतेही. परंतु मातीची वा जांभ्याची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि ती हवेत सोडून देते. वरून सिमेंटचा घट्ट लेप बसला की ओलीचा मार्ग बंद होतो. आतली माती मऊ पडते आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटतो. चुन्याचे तसे नाही. चुना ओलीला वाट देतो, आणि बुरशीला व किडीला सहसा थारा देत नाही. रात्रभर भिजवून गाळलेला चुना, त्यात थोडा सरस वा मीठ, भिंत आधी पाण्याने ओलसर करून दिलेले दोन-तीन पातळ हात, हे काम घरच्या मंडळींना करता येते. डोळे व हात मात्र जपावे. खर्च बाजारच्या रंगाच्या मानाने किरकोळ. खाली गेरूचा वा कावेचा पट्टा ओढला की शोभेला आणखी काही लागत नाही. तांबडी काव आणि पांढरा चुना या दोनच वस्तूंवर गोवा, सिंधुदुर्ग, कारवारकडील काविकला उभी राहिली, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

लॉरी बेकर (१९१७–२००७) या केरळात स्थायिक झालेल्या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने आयुष्यभर हेच सांगितले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, हा विचार आपल्याला गांधीजींच्या भेटीत मिळाला असे ते म्हणत. उचगावच्या बाबतीत तो फारसा अवघड नाही. माती पायाखाली आहे, जांभा याच भागातला आहे, आणि भाजलेल्या मातीच्या वस्तूंसाठी खानापूर फार दूर नाही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात. शेणाने जमीन सारवणे, चुलीच्या धुरात डोळे चोळणे, रहाटाचे पाणी ओढणे ही त्या घराची किंमत घरातील बायकांनी मोजली, आणि ती कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही. म्हणून मोरी, संडास, नळ आणि ओटा यांवरील खर्चास आम्ही चैन म्हणणार नाही; छपरानंतरचा दुसरा मान त्यांचाच. वीजही त्यांच्या बरोबरीने आली. उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या तारा बदलून, अर्थिंग करून घेतल्याखेरीज घरात दिवा लावू नये. जमिनीस गुळगुळीत टाइल्सऐवजी शहाबादी फरशी बरी. ती चुना-वाळूवर बसविली म्हणजे जमिनीतील ओल सांध्यांतून बाहेर पडते. नाहीतर ती भिंतींकडे धाव घेते. चूल गेली हे चांगलेच झाले, पण तिच्या धुराने वासे-रिपांतील कीड रोखली जात होती. आता वर्षाआड लाकडास तेलाचा हात द्यावा आणि वाळवीची पाहणी करावी.

राहता राहिली सजावट. तिला पैसा थोडा आणि डोळस दृष्टी अधिक लागते. माजघर काळोखे असेल तर चार कौलांच्या जागी चार काचेची कौले बसवावीत. दिवसा दिव्याची गरज उरत नाही. भिंतीतील कोनाडे बुजवून लाकडी कपाटे विकत आणण्यापेक्षा त्याच कोनाड्यांत पुस्तके आणि पितळेची भांडी मांडावीत. पोटमाळ्यावरचे पाट, फडताळ, झोपाळ्याच्या कड्या खाली काढाव्यात. आजीच्या लुगड्यांची वाकळ बाकावर अंथरली तर कोणत्याही दुकानातील चादरीपेक्षा ती शोभेल.

खर्चाचे गणित आमच्या मते असे असावे : दर शंभर रुपयांतील निम्मे छपराला व पाण्याच्या निचऱ्याला, पंचवीस मोरी-संडास आणि विजेला, पंधरा भिंती व जमिनीला, आणि उरलेले दहा शोभेला. या सर्वांच्या आधी एक बिनखर्चाचे काम आहे. घर कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर पाहावे आणि भावांशी बोलावे, बहिणींशीही. २००५ च्या कायदा-दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. एकाने कौले घालायची आणि पाच वर्षांनी वाटणीचा वाद उभा राहायचा, असे घडले तर पैसाही जातो आणि नातीही.

शेवटी एकच सुचवावेसे वाटते. जुन्या घरात राहावयास गेल्याबरोबर रंगाऱ्यास बोलावू नये. मृगापूर्वी छप्पर शाकारून घ्यावे, जोत्याभोवतीचे चर मोकळे करावेत आणि एक पावसाळा त्या घरात काढावा. कोठे गळते, कोणती भिंत ओलावते, वारा कोणत्या खिडकीने येतो, हे घर स्वतःच चार महिन्यांत सांगते. ते ऐकून दिवाळीला चुन्याचा हात दिला, तर तो पैसा सत्कारणी लागेल.