सजगतेचा सराव आणि समूहाचा आधार

औषधोपचार, व्यायाम, प्रसंगी शस्त्रक्रिया होऊनही काही दुखणी रुग्णाची पाठ सोडत नाहीत. जुनाट कंबरदुखी, सततची चिंता, पुन्हा पुन्हा उलटणारे नैराश्य ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा दीर्घकालीन वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेवर आधारित उपक्रम सुरू केला. आज तो प्रामुख्याने ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून जगभर परिचित आहे.

श्वास, शरीरातील संवेदना आणि मनात उमटणारे विचार यांकडे, बऱ्यावाईटाचा शिक्का न मारता, लक्ष देणे म्हणजे सजगता. बौद्ध परंपरेतील ‘सति’ या पाली संज्ञेशी तिचे नाते आहे. मन निर्विचार झाले पाहिजे, हा सर्वसाधारण समज मात्र चुकीचा आहे. मन भटकणारच. ते भटकले हे ध्यानी येणे आणि त्यास हळुवारपणे श्वासाकडे परत आणणे, हाच सराव होय.

हे न उमगल्याने अनेक जण ‘मला जमत नाही’ असे म्हणून सराव सोडतात. येथेच समूहाचे महत्त्व आहे. शेजारी बसलेल्याचेही मन असेच सैरभैर होते, हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर अपयशाची भावना ओसरते. वरील अभ्यासक्रमात म्हणूनच दररोजच्या घरच्या सरावास साप्ताहिक सामूहिक वर्गाची जोड असते. इगतपुरी येथील विपश्यना केंद्राच्या परंपरेतही, शिबिरानंतर घरी सकाळ-संध्याकाळ साधना करण्याबरोबरच साप्ताहिक सामूहिक साधनेचा आग्रह धरला जातो.

आरंभ लहान असावा. सकाळच्या चहापूर्वी, ठरलेल्या जागी १० मिनिटे बसणे पुरेसे आहे. आठवड्यातून एकदा सहा ते दहा जणांनी ठरलेल्या वेळी जमावे; प्रथम शांत बसावे, नंतर ज्याला इच्छा असेल त्याने अनुभव सांगावा. इतरांनी ऐकावे, उपदेश करू नये आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. सराव चुकला असल्यास तसे संकोच न बाळगता सांगता यावे.

टीसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्यातून बऱ्या झालेल्या १४५ रुग्णांचा समावेश होता. ज्यांना पूर्वी तीन वा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात अशा सामूहिक प्रशिक्षणानंतर आजार उलटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. दोनच वेळा आजारी पडलेल्यांत मात्र तसा लाभ दिसला नाही. हा उपाय सर्वांसाठी सारखा नाही, हेही त्यावरून स्पष्ट होते.

सजगता हा औषधांना पर्याय नव्हे. चालू गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत. तीव्र मनोविकार किंवा गंभीर मानसिक आघाताचा इतिहास असणाऱ्यांनी आधी तज्ज्ञांना विचारावे. सरावात अस्वस्थता वाढल्यास डोळे उघडून थांबावे व डॉक्टरांना कळवावे.

नैराश्य परतते तेव्हा माणूस बहुधा प्रथम मौन धरतो, भेटीगाठी टाळतो. घरी एकट्याने चाललेला सराव थांबला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही. समूहात मात्र एक जागा रिकामी राहते आणि कोणीतरी त्याच सायंकाळी विचारपूस करते. वेळेवर झालेली ही विचारपूस रुग्णास पुन्हा डॉक्टरांपर्यंत आणू शकते.