वही झाकायची की उघडी ठेवायची?

दोस्तांनो, बुद्धिबळाचा पट मांडा पाहू! मांडलात? आता आपण नियम जरा बदलू या. आळीपाळीनं खेळायचं नाही. ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा त्यानं आपला मोहरा हलवायचा. समोरच्याचे मोहरे झाकलेले. तुमचं प्यादं जवळ जाईल तेव्हा तेवढेच दिसणार! आणि मोहरे आयते मिळणार नाहीत हं. खाणीतून खनिज काढायचं आणि त्यातून एकेक मोहरा तयार करायचा.

उडाली ना धांदल? 'स्टारक्राफ्ट' हा कॉम्प्युटरवरचा खेळ साधारण असाच आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीनं तो काढला. त्यात तीन जमाती आहेत: टेरन, प्रोटॉस आणि झर्ग. आपली वस्ती वाढवायची, सैन्य उभारायचं आणि शत्रूची वस्ती मोडायची. दक्षिण कोरियात तर लोकांना त्याचं एवढं वेड लागलं की सामने चक्क टीव्हीवर दाखवू लागले!

पण आज मी सांगणार आहे ते हा खेळ खेळणाऱ्यांबद्दल नाही. हा खेळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबद्दल आहे. अशा प्रोग्रॅमला 'बॉट' म्हणतात. माणसानं बॉट लिहून द्यायचा आणि मग हाताची घडी घालून बसायचं. सामना बॉटविरुद्ध बॉट!

खेळात शिरून बॉटला हुकूम देता यावेत, अशी सोय काही हौशी प्रोग्रॅमरांनीच तयार केली. तिचं नाव बीडब्ल्यूएपीआय. मग २०१० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत बॉटांची स्पर्धा झाली. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा 'ओव्हरमाइंड' हा बॉट तिथं जिंकला. पुढच्या वर्षापासून कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं स्पर्धेची जबाबदारी घेतली.

नियम मोठे गमतीचे होते. खेळात सेकंदाला साधारण २४ चित्रं सरकतात. बॉटनं प्रत्येक चित्र पाहून झटपट ठरवायचं. एका चित्रासाठी ५५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेतला आणि असं ३२० पेक्षा जास्त वेळा झालं, तर बॉट हरला! म्हणजे नुसता हुशार असून भागत नाही. हुशारी वेळेत दाखवावी लागते. परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत तुमचं काय होतं, आठवा बरं!

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. बॉट कसा लिहिला, तो सगळा प्रोग्रॅम स्पर्धा संपल्यावर सर्वांसाठी खुला करायचा. म्हणजे आपली युक्ती सगळ्यांना दाखवून टाकायची. मग पुढच्या वर्षी लोक तिच्यावर उतारा शोधून येणारच! वर्गात गणित सोडवताना कोपराआड वही झाकून बसणारे काहीजण असतातच. त्यांना हा नियम मुळीच आवडायचा नाही.

आता २०१७ सालची गंमत ऐका. त्या वर्षी २८ बॉट आले होते. त्यात फेसबुक कंपनीच्या संशोधकांचाही एक होता. एवढी मोठी कंपनी, तज्ज्ञ माणसं, भरपूर यंत्रं. पहिला नंबर कुणाचा आला असेल? ऑस्ट्रेलियातल्या एका प्रोग्रॅमरनं एकट्यानं लिहिलेल्या 'झेडझेडझेडके-बॉट'चा! फेसबुकचा बॉट सहावा आला.

या बॉटची आवडती युक्ती अगदी साधी होती. खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे चारच कामकरी असतात. शहाणे खेळाडू आधी कामकरी वाढवतात, मग सैन्य. याचं उलटं! आहेत त्या चौघांच्या बळावर तो लगेच 'झर्गलिंग' नावाचे चिमुकले, चपळ सैनिक काढायचा आणि शत्रू घर बांधत असतानाच त्याच्यावर छापा घालायचा. आपल्याला गनिमी कावा ठाऊक आहे, तेव्हा याचं नवल वाटायला नको. पण छापा फसला, तर मात्र पुढचा डाव कठीण. कारण घरी कामकरी थोडेच!

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, मोठ्यांनी परतफेड केली. सॅमसंग एसडीएस कंपनीच्या चमूचा 'सायडा' पहिला आणि फेसबुकचा बॉट दुसरा. संपली का हौशी मंडळींची सद्दी?

छे! २०१९ साली 'लोक्युटस' जिंकला आणि तो पुन्हा एका हौशी माणसाचा होता. पण तो कोऱ्या पानावर लिहिलेला नव्हता, बरं का. अल्बर्टा विद्यापीठाचा एक बॉट होता. त्याचा प्रोग्रॅम खुला असल्यामुळे एका हौशी प्रोग्रॅमरनं तो घेऊन, सुधारून 'स्टीमहॅमर' बनवला. स्टीमहॅमरही खुला होता. तो घेऊन तिसऱ्यानं 'लोक्युटस' घडवला. पहिल्यानं वही झाकली असती, तर तिसऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

त्याच वर्षी गूगलच्या डीपमाइंड कंपनीचा 'अल्फास्टार' हा प्रोग्रॅम 'स्टारक्राफ्ट-२' मध्ये क्रमवारीतल्या ९९.८ टक्के माणसांच्या वर पोचला. त्या चमूचे एक प्रमुख ओरिओल व्हिन्याल्स. ते कुठून आले होते, माहीत आहे? २०१० साली पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या ओव्हरमाइंडच्या चमूतून!

मग वही दाखवणाऱ्याचं नुकसान होतं का? होतं की! युक्ती जुनी होते, कधी तिच्याच जोरावर दुसरा आपल्याला हरवतो. पण दुसऱ्यांच्या वह्याही आपल्याला पाहायला मिळतात. नक्कल करणारा तिथंच थांबतो. पाहून, समजून, त्यात स्वतःची भर घालणारा पुढं जातो.

कॉम्प्युटर नसला तरी तुम्ही बॉट बनवू शकता. फुली-गोळा कसा खेळायचा, त्याचे नियम कागदावर लिहा. 'मधलं घर रिकामं असेल तर तिथं फुली मार', असे. मग तो कागद मित्राला द्या. त्यानं स्वतःचं डोकं मुळीच चालवायचं नाही, फक्त कागदाचं ऐकायचं! दुसऱ्या मैत्रिणीच्या कागदाशी त्याचा सामना लावा. हरलात तर कुठला नियम चुकला ते शोधा.

आणि हो, सामना संपला की कागद अदलाबदल करायला विसरू नका!