रिपोर्ट नॉर्मल आला, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?

हार्ट अटॅकनंतर तीन-चार महिन्यांनी रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. गोळी बंद करू नका. रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळेच. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा वाढते.

शिवाय रिपोर्टवर छापलेली १०० ची मर्यादा तुमच्यासाठी नाही. अटॅक येऊन गेलेल्यांचे एलडीएल ५५ च्या खाली हवे. त्यामुळे ९० आकडा पाहून पेढे वाटू नका. उपचार सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करा. आकडा जास्त असेल तर डॉक्टर स्टॅटिनचा डोस वाढवतात किंवा सोबत एझेटिमाइब देतात.

"तेल-तूप सोडलं, मग गोळी कशाला?" पथ्य हवेच. पण शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते आणि स्टॅटिन तिथेच काम करते. स्टेंट बसवला असला तरी तो एकाच जागेचा अडथळा उघडतो. बाकीच्या रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर फुटू नये म्हणूनही ही गोळी लागते.

अंग दुखू लागले तर गोळी परस्पर सोडू नका, आम्हाला सांगा. डोस किंवा औषध बदलता येते. दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.