सिगारेट सोडताना सोबत कोणाची?

पहिली सिगारेट सहसा कोणी एकट्याने ओढत नाही. कॉलेजमागची टपरी, हॉस्टेलची गच्ची, कारखान्यातली रात्रपाळी, कुठेतरी कोणीतरी ‘घे रे, एक दम मार’ म्हणतं आणि सुरुवात होते. पुढची वीस वर्षंही ती चारचौघांतच चालते. सोडायची वेळ आली की मात्र माणूस एकदम अबोल होतो. एक तारखेपासून बंद, असं मनाशी ठरवतो आणि बायकोलाही सांगत नाही. सांगितलं आणि नाही जमलं तर शोभा व्हायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होते. मधे सोडली होती, हे कोणाला कळतसुद्धा नाही.

‘मनाचा निश्चय पक्का असला की बाकी काही लागत नाही’

निश्चय लागतो, यात वाद नाही. पण कुठल्याही मदतीशिवाय सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभराने जेमतेम ३ ते ५ जण सुटलेले असतात. जे घसरतात त्यांतले बहुतेक पहिल्या ८ दिवसांतच घसरतात. आता हे पंचाण्णव जण लेचेपेचे म्हणायचे का? यांतल्याच कोणी घराचं कर्ज फेडलेलं असतं, कोणी आजारी आईचं वर्षानुवर्षं केलेलं असतं. निश्चयाची वानवा असलेली ही माणसं नव्हेत.

गोष्ट बरीचशी रसायनाची आहे. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. लांबलेल्या मीटिंगमध्ये माणूस खुर्चीत चुळबुळ करू लागतो तो यामुळे. शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन दिवसांत निकोटिन शरीरातून जवळपास निघून गेलेलं असतं, आणि नेमका त्याच दिवसांत त्रास सगळ्यांत जास्त होतो: चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, उडालेली झोप, उगाच लागणारी भूक. पुढे दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुकीचा हिशेब मांडतो. तीन दिवसांत ही गत, मग महिन्याभरात काय होईल? खरं तर सगळ्यांत मोठा चढ त्याने तोवर चढून झालेला असतो. पण हे त्याला त्या क्षणी सांगणार कोण?

‘सोबत म्हणजे घरच्यांनी लक्ष ठेवायचं’

घरच्यांची माया खरी, पण तिचा उपयोग आपण समजतो तसा होत नाही. बायकोला, नवऱ्याला किंवा जवळच्या कोणाला ‘आधार कसा द्यायचा’ हे शिकवून सोडणाऱ्यांचं यश वाढतं का, याचे अनेक अभ्यास झाले. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले तेव्हा ठळक फरक दिसला नाही. मला याचं फारसं नवल वाटत नाही. ‘आज किती ओढल्या?’ हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला, तरी त्यात हजेरी घेतल्याचा सूर येतोच. मग उत्तरं खोटी येऊ लागतात, खिशात बडीशेप येते, हातावर सॅनिटायझर येतं.

घरचा माणूस स्वतःच सोडतो तेव्हा चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातली माहिती घेऊन निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी १२,०६७ माणसांची नाती आणि मैत्र्या तपासल्या. १९७१ ते २००३ असा मोठा काळ त्यांनी पाहिला. नवरा-बायकोतल्या एकाने सिगारेट सोडली, तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली दिसली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं सुटी सुटी सोडत नव्हती, गटच्या गट सोडत होते. आणि जे ओढत राहिले ते हळूहळू गोतावळ्याच्या कडेला गेले. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे कोणी कोणाला ओढून काढलं हे त्यातून नक्की ठरत नाही. पण टपरीवरच्या कोंडाळ्याची बेरीज-वजाबाकी ज्याने पाहिली आहे त्याला हे आकडे परके वाटणार नाहीत.

जवळचं उदाहरण बिहारचं. नवी मुंबईची हीलिस सेखसरिया इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या ७२ सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम केलं. शिक्षकांतलाच एक जण पुढाकार घेई, मुख्याध्यापक पाठीशी असत, आणि शाळेतच तंबाखूवर गप्पा होत. कार्यक्रम संपला तेव्हा अशा शाळांतल्या तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्क्यांनी महिनाभर तंबाखूला हात लावलेला नव्हता. बाकीच्या शाळांत हेच प्रमाण १५ टक्के होतं. पुढे काही महिन्यांनी सलग सहा महिने सुटलेले किती, हे मोजलं तेव्हा १९ आणि ७ टक्के असे आकडे आले. दोन्हीकडे घसरण आहे, पण अंतर राहिलं.

पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालतं आणि तिथे रुग्णांशी बोलणारे कित्येक कार्यकर्ते स्वतः त्याच वाटेने आलेले असतात. तिथला मुख्य भर दारू आणि इतर मादक पदार्थांवर. पण ‘मी यातून गेलोय’ एवढ्या तीन शब्दांनी पुढचं संभाषण किती सोपं होतं, हे सिगारेटलाही लागू आहे.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधली जोडी मला माहीत आहे. एक पन्नाशीतला फिटर, सगळे त्याला मामा म्हणतात. दुसरा तिशीतला, लेथवरचा. दोघांनी एकाच सोमवारी बंद केली. करार एवढाच, की तलफ आली तर आधी फोन, मग टपरी. बुधवारी दुपारी लेथवाल्याचा फोन आला.

“मामा, आज नाही जमत. सुपरवायझरशी वाजलं. गेटवर उभा आहे.”

“घेतली का?”

“नाही अजून.”

“मग उभा राहा तिथंच, मी आलो. आणि गेटच्या आतल्या अंगाला उभा राहा, भाड्या.”

मामा आले, दोघं कंपाउंडला एक चक्कर मारून आले. सुपरवायझरला मनसोक्त शिव्या घालून झाल्या तोवर दहा मिनिटं गेली होती. तलफेला तेवढाच वेळ लागतो. उपदेश कोणी केला नाही, फुप्फुसाचा फोटो कोणी दाखवला नाही. मामांनी नंतर कबूल केलं की त्या दिवशी सकाळपासून त्यांचीही जिवाची काहिली चालली होती. फोन आला म्हणून ते स्वतः वाचले.

सोबती निवडताना एवढं पाहावं: तो स्वतः सोडत असावा किंवा नुकताच सुटलेला असावा, फोन उचलणारा असावा आणि घसरलात तर तोंडसुख घेणारा नसावा. दोघांपेक्षा चौघं बरे, कारण एक घसरला तर दुसऱ्याला घेऊन जात नाही. पुस्तिका वाचून आपलं आपण सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात बसून सोडणाऱ्यांचं यश जवळपास दुप्पट असतं. मात्र समुपदेशकाकडे एकट्याने जाऊन सविस्तर बोलण्यापेक्षा गट सरस ठरतो, असा पुरावा नाही. ज्याला चारचौघांत बोलवत नाही त्याने समुपदेशक गाठावा.

‘सिगारेट सोडली तरी चहाला काय हरकत आहे?’

या समजुतीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि हेच एन्झाइम कॅफिनचा निचरा करतं. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात चहा-कॉफी टिकत नाही. दिवसाला सहा कटिंग घेऊनही तो ठणठणीत. सिगारेट थांबली की काही दिवसांत एन्झाइमचा वेग उतरतो. चहा तेवढाच राहिला तर रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. मग छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग. माणूस म्हणतो, सिगारेट सोडल्यामुळे हे झालं. अर्धा दोष चहाचा असतो. पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. शिवाय टपरीवरचा चहा म्हणजे हात आपोआप दोरीला टांगलेल्या लायटरकडे जाणार. तो चहा काही दिवस कँटीनमध्येच घेतलेला बरा.

याच एन्झाइमवर काही औषधंही अवलंबून असतात. दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचं रक्तातलं प्रमाण सिगारेट सोडल्यावर वाढू शकतं. ती घेणाऱ्यांनी सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगावं.

‘सिगारेट हाच तर टेन्शनवरचा उपाय’

दोन तासांनी निकोटिन उतरतं, बेचैनी वाढते, सिगारेट ओढली की ती शमते. त्या शमण्याला आपण टेन्शन गेलं म्हणतो. साहेबाची मेल जिथल्या तिथेच असते. सोडलेल्यांची मनःस्थिती काही आठवड्यांनी, महिन्यांनी तपासली तर चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी आढळतात. पहिले काही दिवस मात्र उलटं वाटतं, हे कबूल करायला हवं. ज्यांना आधीपासून नैराश्याचा त्रास आहे त्यांनी या काळात डॉक्टरांच्या संपर्कात राहावं.

‘एकदम नको, हळूहळू कमी करू’

ब्रिटनमध्ये ६९७ जणांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने ठरल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्याने दोन आठवडे कमी करत आणून सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. ज्याला हळूहळूच जमणार आहे त्याने तसं करावं, पण शेवटची तारीख लिहून. तारखेविना ‘कमी करतोय’ म्हणणारे दहा-दहा वर्षं कमीच करत असतात. आणि रोज एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या घरात असतो, विसाव्या हिश्शाचा नव्हे.

‘पोट साफ होत नाही’, ‘खोकला उलट वाढला’

दोन्ही तक्रारी खऱ्या. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. ते थांबलं की काहींना बद्धकोष्ठ होतं, काहींचं तोंड येतं. पाणी, पालेभाजी, सकाळचं चालणं, गरज पडली तर इसबगोल. काही आठवड्यांत गाडी रुळावर येते. खोकला वाढतो कारण श्वासनलिकेतले निपचित पडलेले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागून कफ वर ढकलतात. कफात रक्त असेल किंवा खोकला महिनाभर हटत नसेल, तर मात्र डॉक्टर. वजनही वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो.

‘निकोटिनचं च्युइंगम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं’

कर्करोग आणि हृदयविकार मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे आणि इतर विषांमुळे होतात. च्युइंगममध्ये किंवा पॅचमध्ये यांतलं काही नसतं. निकोटिन थोडं आणि सावकाश मिळतं. यश त्याने ५० ते ६० टक्क्यांनी वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच हे उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ‘मला नाही मानवलं’ म्हणणारे बरेच जण ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात; सगळं निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते. थोडं चावायचं, जीभ झिणझिणली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. गरोदर बायांनी आणि हृदयरुग्णांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सिगारेटच्या जागी तंबाखू-चुना, मिश्री किंवा बिडी घेणं हा मात्र बदल नव्हेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि तोंडातला तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडे ही पळवाट हाताशीच असते.

‘एक ओढली, म्हणजे संपलं सगळं’

पहिल्या दोन आठवड्यांतली एक सिगारेट धोक्याची असते, हे खरं; तिच्यामागे दुसरी येते. म्हणून ‘एकही दम नाही’ हाच नियम ठेवावा. पण मोडलाच तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नये. उरलेल्या सिगारेटी मोडून टाकायच्या आणि त्याच संध्याकाळी सोबत्याला सांगायचं: कुठे होतो, कोण बरोबर होतं, पोटात दारू होती का. बहुतेक वेळा असते. या माहितीवर पुढचा बेत आखता येतो. लपवली तर ती हातची जाते.

ज्याला असा सोबती मिळत नाही त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन २०१६ पासून आहे. पलीकडचा समुपदेशक तारीख ठरवून देतो. २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. पण टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, त्यामुळे रोज पाच-सहा ओढूनही त्याने तो नंबर पाहिलेला नसतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. टपरीवाल्याला अजून तसं कळलेलं दिसत नाही.