पैसा अमाप, पण एका ठिकाणी झोपायची सोय नाही! पाब्लो एस्कोबारचे फरारीतले १६ महिने

मोबाईलवर पाब्लो एस्कोबारच्या रील्स अनेकांनी पाहिल्या असतील. नोटांच्या थप्प्या, मोठा वाडा, पाळलेले पाणघोडे. कोलंबिया देशातल्या या कोकेन तस्कराचं नाव अमेरिकेच्या 'फोर्ब्स' मासिकाच्या श्रीमंतांच्या यादीत सलग सात वर्षं होतं. पण शेवटचे १६ महिने तो कसा जगला, हे रील्समध्ये फारसं येत नाही.

तुरुंगातून पळाला कसा?

१९ जून १९९१ रोजी एस्कोबार स्वतःहून सरकारला शरण आला. अट एकच, अमेरिकेच्या हवाली करायचं नाही. मेडेलिन शहराजवळच्या डोंगरावर 'ला कातेद्राल' नावाचा तुरुंग त्याच्यासाठी तयार झाला. नावाला तुरुंग, आत सगळी चैन. फुटबॉलचं मैदानही होतं. तिथूनच धंदा चालू राहिला. पुढे त्याने आपल्याच दोन साथीदारांना तिथे बोलावून संपवलं, तेव्हा सरकारचा संयम सुटला. त्याला दुसरीकडे हलवायची तयारी सुरू होताच २२ जुलै १९९२ रोजी तो पळाला.

पैसा होता, पण उपयोग काय?

त्याला पकडण्यासाठी पोलिसांचं खास पथक होतं, प्रमुख कर्नल ह्यूगो मार्टिनेझ. सोबत अमेरिकेची मदत. त्यात १९९३ च्या सुरुवातीला 'लोस पेपेस' नावाची टोळी उभी राहिली. त्याच्यामुळे पोळलेल्या लोकांची ही टोळी, आणि तिला पैसा विरोधी काली टोळीचा. त्यांनी त्याची माणसं, वकील टिपायला सुरुवात केली, घरं जाळली. म्हणजे पुढे पोलीस, मागे वैरी.

एका घरात फार दिवस राहता येईना. दाढी वाढली, अंग सुटलं, सोबतची माणसं एकेक करून मारली गेली किंवा शरण गेली. शेवटी जवळ उरला एकच अंगरक्षक. डोंगरात लपलेले असताना थंडीने काकडणाऱ्या मुलीला ऊब मिळावी म्हणून वडिलांनी डॉलरच्या नोटा जाळल्या, असं त्याच्या मुलाने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. नोटा होत्या, सरपण नव्हतं!

फोनने घात केला

तर त्याचा जीव अडकला होता बायको आणि दोन मुलांत. नोव्हेंबर १९९३ मध्ये हे कुटुंब आसऱ्यासाठी जर्मनीला गेलं. जर्मनीने दारातूनच परत पाठवलं. मग त्यांना राजधानी बोगोटातल्या एका हॉटेलात सरकारी पहाऱ्यात ठेवलं. पोलिसांना माहीत होतं, हा फोन करणारच.

पकडायची युक्ती समजायला सोपी आहे. रात्री कुत्रं भुंकलं, की एकाच जागी उभं राहून फक्त दिशा कळते. पण दोन माणसं दोन वेगळ्या बांधांवर उभी राहून दिशा दाखवू लागली, तर त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कुत्रं. रेडिओ फोनच्या लहरींचंही तसंच. एस्कोबारला हे ठाऊक होतं, म्हणून तो थोडक्यात बोलायचा, कधी चालत्या टॅक्सीतून बोलायचा.

२ डिसेंबर १९९३ रोजी मात्र तो मुलाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला. आदल्याच दिवशी त्याला ४४ वर्षं पूर्ण झाली होती. लहरी पकडणाऱ्या गाडीत कर्नल मार्टिनेझ यांचाच मुलगा होता. मेडेलिनच्या लोस ओलिव्होस भागातल्या एका घराच्या खिडकीत त्याला एस्कोबार दिसला. दार फुटलं, एस्कोबार अनवाणीच मागच्या कौलांवर पळाला आणि तिथेच गोळी लागून पडला. शेवटची गोळी पोलिसांची की स्वतःची, यावर घरचे आजही वाद घालतात.

मागे काय राहिलं?

त्याने गरिबांना घरं बांधून दिली, हे खरं. पण १९८४ मध्ये न्यायमंत्री लारा बोनिया आणि १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गालान यांच्या खुनांमागे त्याचीच टोळी होती. त्याच वर्षी त्यांनी एका प्रवासी विमानात बॉम्ब ठेवला. विमानातले १०७ आणि खाली जमिनीवरचे ३ जण हकनाक गेले.

कुटुंबाचीही फरफट चुकली नाही. अनेक देशांनी दार बंद केलं. शेवटी नावं बदलून ते अर्जेंटिनात राहिले. मुलगा आज सेबास्टियन मारोकिन या नावाने जगतो. वडिलांनी ज्यांना मारलं, त्यांच्या मुलांना भेटून त्याने माफी मागितली. बापाने कमावलेल्या पैशातून लेकराच्या वाट्याला साधं स्वतःचं नावही उरलं नाही.