महाविद्यालयीन शिष्यवृत्ती : पात्र असूनही वंचित का?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांत आनंद साजरा होतो आणि पाठोपाठ अनेक घरांत चिंता शिरते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वा परिचर्या या अभ्यासक्रमांचे शुल्क सामान्य कुटुंबाला पेलत नाही. मग कुठे दागिने गहाण पडतात, तर कुठे हुशार मुलगी आवडीचा अभ्यासक्रम सोडून देते. वास्तविक शासनाच्या अनेक योजना अशा विद्यार्थ्यांसाठीच आहेत. तरीही पात्र मुले त्यांपासून वंचित राहतात. कारण बहुधा एकच असते : माहिती उशिरा मिळते आणि कागदपत्रे त्याहून उशिरा. म्हणून या विषयाची थोडी उकल करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिष्यवृत्ती मागणे म्हणजे हात पसरणे, अशी भावना आपल्या काही पालकांच्या मनात असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात शिक्षण हा प्रत्येक मानवाचा अविभाज्य हक्क असल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. आजची मदत त्याच परंपरेतील आहे आणि ती जनतेच्या करांतूनच दिली जाते. तिच्यासाठी अर्ज करण्यात कमीपणा कसला?

आता प्रमुख योजना पाहू. ख्रिस्ती समाज १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अल्पसंख्याक आहे. उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची स्वतंत्र शिष्यवृत्ती असून तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. तेवढ्याच उत्पन्नमर्यादेची दुसरी योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना तिच्याद्वारे शुल्काच्या ५० टक्के रकमेची प्रतिपूर्ती मिळते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना तिचा लाभ घेता येतो. शुल्कासाठी एका वर्षी एकाच योजनेचा लाभ मिळत असल्याने, आपल्या अभ्यासक्रमासाठी कोणती योजना अधिक उपयुक्त आहे याची विचारणा महाविद्यालयात आधीच करावी.

मुलींसाठी राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी महत्त्वाचा निर्णय घेतला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना, तसेच खाजगी व अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. आपल्यातील अनेक कुटुंबे खुल्या प्रवर्गातील असल्याने त्यांच्या मुलींसाठी आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही या सवलतीची किल्ली आहे.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील केंद्रीय क्षेत्र योजनाही पाहावी. बारावीत आपल्या मंडळात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या वरच्या २० टक्क्यांतील आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांमधून तिच्यासाठी गुणवत्तेनुसार निवड होते. निवड झालेल्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ख्रिस्ती आदिवासी बांधवांनीही हे लक्षात ठेवावे की, अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. जात वैधता प्रमाणपत्र असलेले विद्यार्थी आदिवासींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतात.

योजना बदलतात आणि बंदही होतात. संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे थोरल्या भावाला मिळाली म्हणून धाकटीला मिळेलच, असे गृहीत धरू नये. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना वाचावी.

कागदपत्रांची तयारी निकालानंतर नव्हे, एप्रिलमध्येच सुरू करावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि आवश्यक तेथे आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र एकत्र ठेवावे. प्रवेशानंतर वाटपपत्र व शुल्काची पावती त्यांत जोडावी.

आपल्या समाजाची एक खास अडचण नावांची आहे. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे, असे अनेकदा घडते. डिसोजा, डिसिल्वा, परेरा या आडनावांची इंग्रजी अक्षरे प्रत्येक कार्यालयात वेगळी लिहिली जातात. कोठे आडनावातील चिन्ह गळते, कोठे वडिलांचे नाव आधी येते. संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसे वाटतात. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव प्रमाण मानून आधारपत्र व बँकखाते त्याप्रमाणे सुधारून घ्यावे.

बँकखात्याविषयीही एक खुलासा. बँकेत आधारपत्राची प्रत दिली म्हणजे काम संपले, असे नाही. शासकीय रक्कम येण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न असावे लागते. दोन बँकांत खाती असल्यास शेवटी संलग्न केलेल्या खात्यात रक्कम जमा होते. आपले कोणते खाते संलग्न आहे, हे बँकेत विचारून घ्यावे.

राज्याच्या योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तो भरून स्वस्थ बसू नये. अर्जाची छाननी प्रथम महाविद्यालयात व नंतर संबंधित विभागाकडे होते. त्रुटी आढळल्यास अर्ज परत येतो आणि मुदतीत दुरुस्ती न केल्यास तो बाद होतो. दर आठवड्याला स्थिती पाहावी. पुढील वर्षी नूतनीकरणही विसरू नये.

हे सारे एकेका कुटुंबाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य होणार नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या घरी विचारायला कोणी नसते. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन पदवीधर युवकांनी एप्रिल ते सप्टेंबर रविवारच्या मिस्सानंतर एक तास संगणकासह बसावे, अशी आमची विनंती आहे. धर्मग्राम मंडळाने जागा द्यावी आणि धर्मगुरूंनी मुदतीच्या तारखा घोषित कराव्यात. पैशांअभावी एकाही मुलामुलीचे शिक्षण थांबू नये, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.